कंट्रोल-क्यू मारलेलं डिझाइन वेबवर काहून बिघडते? प्रिंटवाल्या भावा-बहिणींसाठी

तालुक्याच्या गावात ज्यांचं डीटीपीचं नाहीतर फ्लेक्सचं दुकान आहे त्यांच्याकडे आता हे काम येऊनच राहिलं आहे. कृषी केंद्रवाले म्हणतात भाऊ आमची वेबसाइट करून दे, मंगल कार्यालयवाल्यांना हॉलचे फोटो अन् बुकिंगचा नंबर ऑनलाइन पाहिजे, शेतकरी उत्पादक कंपनीला आपल्या तूरडाळीचं एखादं पान पाहिजे. कोरल ह्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर हात बसलेला असतो म्हणून आपण ते करून देतो, पान चढते, आणि मंग काही दिवसांनी त्याच त्या तक्रारी सुरू होतात. रंग फिका पडला. मोबाइलवर काही वाचता येऊन नाही राहिलं. पान उघडतच नाही. मराठीच्या जागी भलतंच काही दिसते. गुगलवर शोधलं तर दुकान सापडत नाही. एक दुरुस्त केली की दुसरी उभी, अन् महिनाभराने पहिली परत.

माझ्या मते ह्या तक्रारी वेगवेगळ्या नाहीतच, मूळ एकच आहे. छपाईत आपण पहिली गोष्ट शिकतो ती म्हणजे फाइल पक्की करून टाकणं. अमरावतीला नाहीतर नागपूरला प्रेसमध्ये फाइल पाठवायची असली की सगळं सिलेक्ट करून कंट्रोल-क्यू, म्हणजे टेक्स्टचे कर्व्ह, अक्षरांचे नुसते आकार, कारण तिकडच्या मशीनवर आपला फॉन्ट नसला तर मजकूर बदलून जाईल आणि हजार पत्रिका वाया जातील. माप पक्कं, रंग पक्का, अक्षर पक्कं. छपाईसाठी ही सवय एकदम बरोबर आहे, ती सोडू नका. पण वेबवर नेमकी तीच नडते, कारण तिथं कागदच आपल्या हातात नाही. तो किती रुंद आहे, उजेड किती आहे, नेट कसं आहे, हे सगळं पाहणाऱ्याच्या बाजूने ठरते. तिथं मजकूर मजकूर म्हणूनच सुटा पाहिजे, फोटो सुटा पाहिजे, बॅकग्राउंड सुटं पाहिजे. सगळं एका जेपीजीत गोठवून पानावर चिकटवलं की वरच्या सगळ्या तक्रारी एकदमच येतात.

तर पहिली तपासणी ही करा. मोबाइलवर ते पान उघडा आणि फोन नंबरवर बोट दाबून धरा. नंबर सिलेक्ट झाला तर ठीक. नाही झाला, पूर्ण चित्रच सेव्ह करायचं विचारलं, तर तो नंबर म्हणजे फोटो आहे, त्यावर बोट ठेवून कॉल लागणार नाही, गुगलही तो मजकूर म्हणून वाचण्याचा भरवसा नाही, आणि डोळ्यांनी कमी दिसणारा माणूस जो फोनला पान वाचून दाखवायला सांगतो त्याला तर तिथं काही नीट ऐकू येण्याचा भरवसा नाही. असं असलं तर पुढचं रंगाचं, साइजचं काही करायच्या आधी मजकूर बाहेर काढा. तेवढ्यानेच अर्ध्याच्या वर तक्रारी जातात.

आता मजकूर बाहेर काढायचा म्हटलं की आपल्याकडचा सगळ्यात मोठा घोळ समोर येतो, तो म्हणजे कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी वगैरे जुने फॉन्ट. ह्यावर थोडं थांबतो कारण बहुतेक जण इथंच अडकतात.

कृतिदेवमध्ये आपण 'किसान' टाइप करतो तेव्हा कॉम्प्युटरच्या पोटात 'किसान' जात नाही. इंग्रजी एफ, डी, एल, के, यू ही पाच अक्षरं जातात. एफच्या जागी वेलांटीचा आकार, डीच्या जागी क, एलच्या जागी स, के म्हणजे काना, यू म्हणजे न, असं फॉन्टमध्ये बसवलेलं आहे म्हणून आपल्याला मराठी दिसते. फॉन्ट काढला की उरते ते इंग्रजीच. आपल्या मशीनवर फॉन्ट आहे म्हणून आपल्याला पान बरोबर दिसते, अन् पाहणाऱ्याच्या फोनमध्ये तो फॉन्ट नाही म्हणून त्याला कचरा दिसते. 'माझ्याकडे तर बरोबर दिसून राहिलं' हे वाक्य जिथं ऐकू आलं तिथं पहिला संशय ह्याचाच घ्या. श्रीलिपी अन् शिवाजीचंही तत्त्व हेच, फक्त कोणत्या जागी कोणता आकार हे प्रत्येकाचं निराळं, म्हणून एकाचा कन्व्हर्टर, म्हणजे जुना मजकूर बदलून देणारा प्रोग्राम, दुसऱ्याला चालत नाही. युनिकोड म्हणजे सगळीकडे चालणारी अक्षरांच्या नंबरांची एकच पद्धत, तिच्यात मात्र क ला क चाच नंबर आहे, कोणत्याही फोनवर.

उपाय म्हणून जुना मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा, ते ठीक आहे, पण आणल्यावर तसाच पेस्ट करू नका, ओळ न् ओळ वाचा. चुका ठरलेल्या जागी होतात. जुन्या टायपिंगमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दाबतो आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये क्रम नेमका उलटा असतो, त्यामुळे वेलांटी आणि रफार दोन्ही इकडचे तिकडे होऊ शकतात, खास करून जोडाक्षर असलं की. दुसरं म्हणजे 'शेतकऱ्यांसाठी'. आपल्या भागातल्या जवळपास प्रत्येक कामात हा शब्द असतो आणि कन्व्हर्टरमधून तो बरेचदा 'शेतकर्यांसाठी' होऊन येतो, रफारवाला. दिसायला फरक छोटा आहे पण मराठी माणसाच्या डोळ्याला तो लगेच खुपतो, अन् दुकानाच्या नावाखाली पहिल्याच ओळीत असला तर लय वाईट दिसते. ह्यासाठी युनिकोडमध्ये खाली टिंब असलेला ऱ वेगळा आहे, तो घ्यायचा, त्याला पाय मोडायचा, मंग य. एकदा बरोबर टाइप करून ठेवा आणि फाइंड-रिप्लेस मारा, पण सगळीकडे डोळे झाकून नाही, कारण 'कार्यालय' अन् 'सूर्यफूल'मध्ये रफारच पाहिजे.

तिसरी चूक कृषी केंद्राच्या यादीत हमखास. खतांची नावं आपण इंग्रजी फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात आणि बाकी मराठी कृतिदेवमध्ये. सगळं एकत्र कॉपी करून कन्व्हर्टरमध्ये टाकलं तर त्याला काय माहीत कोणतं इंग्रजी खरं अन् कोणतं कृतिदेवचं, तो सगळंच बदलतो. डीएपीची तीन कॅपिटल अक्षरं 'क्।च्' होऊन बाहेर येतात. म्हणून आधी इंग्रजी नावं, कंस, भाव आणि फोन नंबर बाजूला काढा, फक्त मराठी कन्व्हर्ट करा, नंतर जोडा. नवीन काम तर सरळ युनिकोडमध्येच टाइप करा. ज्यांचा हात रेमिंग्टनवर, म्हणजे टाइपरायटरच्या जुन्या कीबोर्डवर, बसलेला आहे त्यांना बोटं बदलायची गरज नाही, रेमिंग्टन कीबोर्ड ठेवून युनिकोड टाइप होते, इनस्क्रिप्ट हा दुसरा मराठी कीबोर्ड तर विंडोजमध्ये असतोच. श्रीलिपीच्याही नव्या आवृत्त्यांमध्ये युनिकोड आहे.

युनिकोड मजकूर फोटोशॉपमध्ये टाकला आणि वेलांटी भलत्याच बाजूला गेली, जोडाक्षरं तुटून पाय मोडलेली दिसायला लागली तर घाबरू नका, मजकूर बिघडलेला नाही. प्रेफरन्सेसमध्ये टाइपमध्ये जाऊन वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा, थोड्या जुन्या आवृत्तीत त्याचं नाव मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन असं आहे. बंद करून परत चालू करा अन् नवीन फाइल घ्या. इलस्ट्रेटरमध्ये शो इंडिक ऑप्शन्सवर टिक करावी लागते, मंग पॅराग्राफच्या पॅनेलमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडायचा. फार जुनं कोरल असलं तर मात्र युनिकोड मराठी नीट जुळतच नाही, तिथं तासन् तास घालवू नका.

फॉन्ट कोणता घ्यायचा हे सगळे विचारतात. मुक्ता, बलू, हिंद, नोटो सान्स देवनागरी, हे चारही खुल्या परवान्याचे आहेत, वेबसाइटवर लावायला पैसे लागत नाहीत. मुक्ता अन् बलू हे 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचे, हिंद इंडियन टाइप फाउंड्रीचा. बारीक मजकुराला मुक्ता मला सगळ्यात आवडतो, मथळ्याला बलू चांगला भरतो, फ्लेक्सवरच्या ठसठशीत अक्षरांची सवय असलेल्या गिऱ्हाइकालाही तो पटतो. डीटीपी सॉफ्टवेअरसोबत आलेला फॉन्ट उचलून वेबवर चढवू नका, त्याचा परवाना वेबसाठी असेलच असं नाही. आणि पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी लिहा, म्हणजे एमआर. काही फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श आत ठेवलेले असतात, भाषा सांगितली की ते निघतात, नाहीतर हिंदी वळणाचे दिसतात.

एक-दोन सवयी इथंच सोडायच्या. छपाईत मथळा फैलावायला आपण अक्षरांमधली जागा वाढवतो, वेबवर मराठीला ते केलं की शिरोरेषा तुकड्या-तुकड्यात तुटते, तिथं ते शून्यच ठेवा. ओळींमधली जागा मात्र वाढवा, अक्षराच्या आकाराच्या १.६ ते १.७ पट, कारण आपल्याला वर मात्रा-रफार आहे अन् खाली उकार, इंग्रजीच्या हिशेबाने ठेवलेल्या ओळी एकमेकींत अडकतात. दोन्ही बाजूंनी सरळ केलेला मजकूर अरुंद स्क्रीनवर मधात मोठमोठी भोकं पाडतो, डावीकडून सरळ ठेवला तर बरा.

मंग ती तक्रार, 'भाऊ, मोबाइलवर झूम करून करून पाहावं लागते'. ह्याचा हिशेब सोपा आहे. ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद, साडेसहा इंची फोनची स्क्रीन रुंदीला साधारण ६८ मिलिमीटर. म्हणजे हँडबिल तसंच टाकलं तर ते तिसऱ्या हिश्श्याएवढं होते, अन् कागदावर १२ पॉइंटचं जे अक्षर छान वाचता येत होतं ते फोनवर ४ पॉइंटच्या आत जाते. हे कोणालाच वाचता येणार नाही, चष्मा असो की नसो. म्हणून मजकूर सुटा पाहिजे म्हणून राहिलो, सुटा असला की तो स्क्रीनच्या रुंदीत आपोआप मोडतो, अक्षर मात्र मोठंच राहते. ब्राउझरचं नेहमीचं माप १६ पिक्सेल आहे, मराठीला १७-१८ ठेवा. मजकूर सुटा असूनही पान बारीकच दिसत असलं तर कोडच्या वरच्या भागात व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग, म्हणजे पान फोनच्या रुंदीत बसवायला सांगणारी ओळ, आहे का पाहा, तो नसला की फोन पानाला ९८० पिक्सेल रुंद धरतो अन् सगळं आकसून दाखवतो. वर्डप्रेस ह्या वेबसाइट करायच्या सॉफ्टवेअरच्या थीममध्ये तो बहुतेक असतोच, हाताने लिहिलेल्या पानात बरेचदा राहून जातो.

इथं एक गोष्ट आपल्या धंद्यातल्या माणसालाच कळेल. गणेशोत्सवाचं किंवा ग्रामपंचायतीचं फ्लेक्स करताना फोटो कोणाचा कुठं हे किती सांभाळावं लागते. मधात अध्यक्ष, सगळ्यात मोठा, आजूबाजूला बाकीचे. तीच रांग वेबवर घेतली की कॉम्प्युटरवर पाचही फोटो एका ओळीत बरोबर दिसतात आणि मोबाइलवर दोन-दोन-एक असे मोडतात, अन् मधातले अध्यक्ष जातात दुसऱ्या ओळीत, त्यांच्या आधी दोन जण. मंग रात्री फोन येतो. वेबवर मान मधात नसतो, वरून खाली असतो, म्हणून कोडमध्ये पहिला फोटो अध्यक्षांचाच ठेवा, मोठ्या स्क्रीनवर मधात दाखवायचा असला तर तो सीएसएसमधून, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडमधून, सरकवता येतो. मोबाइलवर पहिला फोटो पूर्ण रुंदीचा, बाकीचे खाली दोन-दोन, असं केलं की सगळेच राजी राहतात. दुकानाच्या पानाचंही तेच, देवाचा फोटो अन् शुभेच्छा ठेवा ना, पण बोटभर जागेत, पहिल्या स्क्रीनवर दुकान कशाचं, कोणत्या गावात, अन् कॉलचं बटन हे दिसलंच पाहिजे. बटन चांगलं मोठं, ४८ पिक्सेल उंच, शेतातून आलेल्या जाड बोटालाही लागलं पाहिजे.

रंगाचं आता. 'पत्रिकेवर लालभडक होता, साइटवर मळकट काहून?' बहुतेक वेळा फाइल सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या हिशेबात, राहिलेली असते. शाई उजेड शोषून घेते, स्क्रीन उजेड फेकते, दोघांचे रंग एक होतच नाहीत, अन् सीएमवायके जेपीजी प्रत्येक ॲप आपापल्या परीने दाखवते. कोरलमधून एक्सपोर्ट करताना कलर मोड आरजीबी २४ बिट, म्हणजे स्क्रीनचा लाल-हिरवा-निळा, घ्या. फोटोशॉपमध्ये कन्व्हर्ट टू प्रोफाइल करून एसआरजीबी हे वेबचं नेहमीचं आरजीबी निवडा, असाइन प्रोफाइल नाही, असाइन केलं की आकडे तेच राहतात अन् रंग उडतो. मूळ सीएमवायके फाइल वेगळी जपून ठेवा, परत छापायला तीच लागणार. काळ्याचं एक खास सांगतो, छपाईत आपण बारीक मजकुराला नुसता के १००, म्हणजे फक्त काळी शाई, घेतो ते बरोबरच आहे, पण फोटोशॉपच्या नेहमीच्या स्वॉप प्रोफाइलमधून तो बदलला की आरजीबीत ३५, ३१, ३२ होतो, म्हणजे काळा नाही, करडा. पांढऱ्या पानावर काळं अक्षर फिकं वाटते ते त्याच्यामुळे. बदलल्यानंतर रंग नजरेने परत बसवावेच लागतात, नुसतं बटन दाबून हे काम होत नाही.

आणि फ्लेक्सवरची लाडकी जोडी, पिवळ्यावर लाल. अक्षर अन् बॅकग्राउंड यांच्या उजेडात किती फरक पाहिजे ह्याचं वेबवर एक माप आहे, बारीक मजकुराला कमीत कमी ४.५ ला १, मोठ्या ठळक अक्षराला ३ ला १. पूर्ण पिवळ्यावर पूर्ण लाल साधारण ३.७ भरते, म्हणजे मथळ्याला चालते पण पत्त्याला अन् भावाला नाही. लालच्या जागी गडद मरून घ्या, आरजीबी १२८, ०, ०, तर तेच १० च्या वर जाते आणि भडकपणाही राहतो. हिरव्यावर लाल मात्र कुठंच वापरू नका, हिरवा गडद, ०, १२८, ०, असला तर ते दीडच्याही आत येते, शिवाय ज्यांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही त्यांना अक्षर दिसणारच नाही. तपासायचं असलं तर एप्रिल-मे मधल्या आपल्या उन्हात साधा स्वस्तातला फोन घेऊन बाहेर उभे राहा, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळंच छान दिसते.

पान उघडत नाही ह्याचं कारण जवळपास नेहमी फोटोचं वजन. दहा बाय आठ फुटाचं फ्लेक्स ७२ डीपीआयला केलं तरी ८६४० बाय ६९१२ पिक्सेल होते, अन् तीच फाइल कोणी साइटवर चढवते. साधा फोन ३६० पिक्सेल रुंद धरला अन् त्याची स्क्रीन तिप्पट बारीक असली तरी १०८० पिक्सेल झाले, त्याच्या फार वरचं सगळं ओझंच. डीपीआयवरून भांडू नका, ७२ टाका की ३००, स्क्रीनवर पिक्सेल किती आहेत तेवढंच मोजलं जाते. फोटो १२०० पिक्सेल रुंद करा, जेपीजी क्वालिटी ७० च्या आसपास नाहीतर वेबपी हा वेबचा हलका फॉरमॅट, १५०-२०० केबीच्या आत आलाच पाहिजे. ज्या गावात एकच कांडी नेटवर्क येते तिथलाही माणूस आपल्याच गिऱ्हाइकाचं गिऱ्हाइक आहे. लोगो मात्र कोरलमधून एसव्हीजी, म्हणजे पिक्सेलऐवजी रेघांची फाइल, काढा, कितीही मोठा करा, फाटत नाही, अन् इथं कंट्रोल-क्यू मारायचंच, लोगोतलं अक्षर हे चित्रच आहे. गिऱ्हाइकाकडून फोटो मागवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, साधा पाठवला की तो दाबला जातो.

प्रेसची पीडीएफ साइटवर टाकणं तर बंदच करा. क्रॉप मार्क, म्हणजे कागद कापायच्या खुणा, तशाच, पुस्तिका असली तर आठवं पान पहिल्याच्या बाजूला कारण ती बायंडिंगच्या हिशेबाने लावलेली, वरून ती पाहायला डाउनलोड करत बसावं लागते.

शेवटची तक्रार बाकी सगळं बरोबर झाल्यावर येते. पत्रिकेवरची वेळ बदलली, आपण पानावर नवीन चित्र टाकलं, पण ग्रुपवर लिंक टाकली की जुनंच चित्र येते. व्हॉट्सॲपने अन् ब्राउझरने जुनं चित्र साठवून ठेवलेलं असते, आपण नवीन चित्राला तेच नाव दिलं म्हणून त्यांना बदल कळत नाही. प्रत्येक वेळी फाइलचं नाव बदला, पत्रिका-२, पत्रिका-३ असं, आणि लिंकच्या प्रिव्ह्यूसाठी १२०० बाय ६३० चं वेगळं चित्र ठेवून कोडमध्ये त्याचंही नवीन नाव टाका. तरीही जुनंच दिसत असलं तर लिंकच्या शेवटी ?v=2 असं जोडा, व्हॉट्सॲप ती नवीन लिंक समजून चित्र परत आणते. आणि जुन्या वेळेचा मेसेज ग्रुपवरून डिलीट करायला यजमानांना आठवणीने सांगा, पाहुणे तोच उघडून येतात.